मागून येणाऱ्यासाठी दार

१

जुलैतल्या एका रविवारी एस्टोनियाभरची शेतं पाहुण्यांसाठी खुली असतात, आणि त्या रविवारची तयारी केर्तूच्या घरी बुधवारपासून सुरू होते. नकाशा, शिक्क्यांची वही, पावसाचे बूट, उन्हाची टोपी, मधमाशी चावली तर मलम, गोचीड चावली तर चिमटा. तो चिमटा हरवला तर दुसरा चिमटा.

"आपण वोरूकडे चाललोय की उत्तर ध्रुवाकडे?" डिकी बंद करता करता तार्वोने विचारलं. तो बेटावरचा. बेटावरच्या माणसांना कशाची तरी टिंगल केल्याशिवाय घास उतरत नाही, असं केर्तूची आई म्हणायची.

"गोचीड चावू दे, मग हस," केर्तू म्हणाली.

मनातून तिलाही हसू येत होतं. चांगली शिकलेली, विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करणारी बाई ती. पण साडेचार वर्षांच्या मुलीला घेऊन तार्तूहून दीड तासावर जायचं म्हटलं की ती यादीत आणखी एक वस्तू लिहायची. चांगल्या आया मुलांना गवतात अनवाणी सोडतात, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. वाचून झाल्यावर तिने मिर्तेलच्या सँडलचे बंद आणखी एक भोक घट्ट केले होते.

गेल्या वर्षीपर्यंत पुढच्या सीटवर नकाशा मांडीवर घेऊन केर्तूची आई बसायची. हेल्मी तिचं नाव. शेवटची दोन वर्षं ती यांच्याकडेच राहिली, नातीच्या खोलीत, आणि या मार्चमध्ये वारली. तिचा पलंग अजून मिर्तेलच्या पलंगासमोर तसाच होता. हलवू या, असं दर शनिवारी ठरायचं आणि दर रविवारी राहून जायचं.

पहिलं शेत बकऱ्यांचं होतं. शेतकरीणबाई एकटीच चाळीस बकऱ्यांचं बघत होती, आणि बघत होती म्हणजे कशी, तर प्रत्येकीला नावाने हाक मारून. जिऱ्याचं पिवळं चीज तिने कापडातून सोडवून लाकडी फळीवर ठेवलं तेव्हा केर्तूला वाटलं, आपण आयुष्यात एक तरी गोष्ट इतकी नीट गुंडाळलीय का?

चीजच्या खोलीतून निघताना मिर्तेल पुढे धावली आणि दोन्ही हातांनी जड दार धरून उभी राहिली. ही बालवाडीतली नवी शिकवण. हिवाळ्यात मुलं बर्फातून आत येताना पुढच्याने मागून येणाऱ्यासाठी दार धरायचं आणि मोजायचं, म्हणजे कुणी बाहेर राहत नाही.

"एक," तार्वो बाहेर पडला. "दोन," केर्तू. मिर्तेलने तरी दार सोडलं नाही. मागून शेतकरीणबाई बादली घेऊन आली. "तीन," मिर्तेल म्हणाली आणि दार सोडलं.

"अगं बाई! राणीसरकारच्या राजवाड्यात तरी असे दारवान असतील का!" शेतकरीणबाई म्हणाली आणि वहीत एकाऐवजी दोन शिक्के मारले.

केर्तूचा ऊर भरून आला. आपलं काहीतरी बरोबर चाललंय तर.

२

संग्रहालय त्या छोट्या गावातल्या जुन्या दुग्धशाळेत होतं. राखणारी एकटीच: साल्मे नावाची, पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई. किल्ल्यांचा जुडगा एप्रनच्या खिशात, पायांत लोकरीचे मोजे आणि तोंडात अखंड बोलणं.

"आई इकडची का तुझी? तरीच! नाक बघूनच कळलं मला. आणि हे?"

"हे बेटावरचे," केर्तू म्हणाली.

"असू दे, असू दे. सगळेच काही मुख्य भूमीवर मावत नाहीत. या जावईबापू, डोकं सांभाळा, चौकट खाली आहे."

तार्वोला आपल्या तोडीचं कुणीतरी भेटलं होतं. तो खूश झाला.

आणि केर्तू तर हरखूनच गेली. लोणी घुसळायच्या रव्या सात आकारांच्या, शेवटची अगदी मुठीएवढी. काच लावलेल्या कपाटात हातमोज्यांच्या चौसष्ट जोड्या, एकीची नक्षी दुसरीला नाही. प्रत्येकीखाली चिठ्ठी: कुणी विणले, कुणाच्या लग्नात. मागावर अर्धी विणलेली पट्टी होती, आणि साल्मेबाईंनी सांगितलं की ती विणणारी बाई एकोणिसशे एकोणपन्नासमध्ये, इथली माणसं धरून सायबेरियात नेली तेव्हा, उठून गेली ती परत आली नाही. तेव्हापासून धागा तसाच ताणलेला ठेवलाय. दर वसंतात त्यावरची धूळ त्या पिसाने काढतात. केवढी ही माया, केर्तूला वाटलं. ज्यांना कुणी विचारत नाही त्यांच्या वस्तू एक म्हातारी पिसाने पुसतेय.

सगळ्यात मागे, गाड्या ठेवायच्या पडवीत, पाइनच्या झाडाचा बुंधा जमिनीपासून आढ्यापर्यंत उभा केला होता. दोघांच्या कवेत मावणार नाही असा. त्याच्यावर क्रूसच क्रूस कोरलेले. काही ताजे वाटावेत असे, काही सालीने दोन्ही बाजूंनी मिटत आणलेले, मिटल्या पापणीसारखे.

"हे काय?" तार्वोने विचारलं.

साल्मेबाईंनी केर्तूकडे पाहिलं. "सांगितलं नाहीस होय यांना? अहो, माणसाला मातीला नेताना वाटेतल्या झाडावर घरच्यांनी क्रूस कापायचा. गेलेल्याला घरची ओढ असते. निघतो परत यायला. वाटेत आपला क्रूस दिसला की त्याला आठवतं, अरे, आपण तर गेलोय. मग तिथंच थांबतो."

"आणि हे झाड?"

"दफनभूमीच्या वाटेवरचं. गेल्या शरदात वादळाने पाडलं. रस्त्याची माणसं करवत घेऊन आली, जळण करणार होती मेली! मी बुंध्यावर बसून राहिले. म्हटलं, आधी मला कापा. मग आणलं इथं ट्रॅक्टरने."

"मग आता ते सगळे थांबतात कुठे?" तार्वो हसत म्हणाला.

"इथंच की," साल्मेबाईही हसल्या. "म्हणून तर रोज झाडून काढते."

केर्तूने हसायचा प्रयत्न केला. तिची नजर मिर्तेलवर होती. मिर्तेल बुंध्यापाशी उभी राहून आपल्या छातीच्या उंचीवरच्या एका क्रूसात बोट फिरवत होती. तो बाकीच्यांपेक्षा खूप खाली होता. लहान, वाकडा, आणि खाली अक्षरं नाहीत, वर्ष नाही.

"हा इतक्या खाली का?" केर्तूने विचारलं.

"लहानग्याचा आहे तो. त्याला दिसायला नको का? मोठ्यांच्या उंचीवर कापला तर खालून निघून जाईल ना बिचारं. गुडघे टेकून कापला असणार आईने." साल्मेबाईंनी खिशातून पिसं काढलं आणि त्या क्रूसावरून हलकेच फिरवलं. "अगदी तान्ह्यासाठी कापत नाहीत. चालायला लागलं असेल तरच. जे चालतच नाही ते परत कसं येणार?"

बुंध्याच्या मुळाशी जमिनीवर निळा, कान असलेला छोटा पेला होता, तामचिनीचा, अर्धा दुधाने भरलेला. मांजर असेल, केर्तूला वाटलं. किती प्रेमळ बाई.

निघताना मिर्तेलने नेहमीप्रमाणे दार धरलं.

"लाव गं सोन्या, लाव!" साल्मेबाई आतून घाईघाईने ओरडल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "धरून नको ठेवूस, मांजर बाहेर जाईल!"

"एक," मिर्तेल म्हणाली. "दोन." तार्वो आणि केर्तू पायरी उतरले होते. साल्मेबाई अजून कपाटांपाशी होत्या, लोकरीच्या मोज्यांनी फरशीवर घसरत येत होत्या. मिर्तेलने मान किंचित खाली करून उंबऱ्याकडे पाहिलं.

"तीन," ती म्हणाली आणि दार सोडलं.

३

"मांजर दिसलं तुला?" गाडीत तार्वोने विचारलं.

"लपलं असेल."

"चौसष्ट जोड लोकरीच्या हातमोज्यांचं संग्रहालय आणि त्यात मांजर? त्या बाईने मांजराला आधी गोळी घातली असती."

केर्तूने काच खाली केली. तिला तो पेला आठवत होता. उंच, अरुंद, कानाचा. त्यात मांजराचं तोंड जाणार नाही. तो हातात धरून प्यायचा पेला होता.

छे. म्हाताऱ्या बायका हाताला येईल त्यात दूध ओततात.

पुढचं शेत राईच्या भाकरीचं होतं. भट्टीतून निघालेल्या काळ्याभोर भाकरीवर बाईने पाण्याचा हात फिरवला तेव्हा ती अशी चुरचुरली की सगळे पाहुणे गप्प होऊन ऐकत राहिले. लोणी लावलेला गरम तुकडा मिर्तेलच्या हातात देत बाई म्हणाली, "खा गं, उद्या मोठी होशील." मिर्तेलने तुकडा मोडला, अर्धा खाल्ला आणि अर्धा बाकावर शेजारी ठेवला. नीट, लोणी वर राहील असा.

भट्टीघराच्या दारातून बाहेर पडताना तिने मोजलं: एक, दोन. मग थांबली. मागे कुणी नव्हतं; बाकीचे पाहुणे अजून भट्टीभोवती होते. मिर्तेल धरून राहिली, दार तिच्या खांद्याला रेटत होतं.

"तीन."

"तिसरं कोण गं?" तार्वोने विचारलं.

"ती."

"ती कोण?"

"बाबा, ती बोलत नाही अजून," मिर्तेल समजावणीच्या सुरात म्हणाली. "लहान आहे."

तार्वोने केर्तूकडे पाहून भुवया उडवल्या. गाडीत बसल्यावर केर्तूने फोनवर शोधलं: चार वर्षांच्या मुलीची काल्पनिक मैत्रीण. अकरा ठिकाणी तेच लिहिलं होतं. साधी गोष्ट आहे, बुद्धीचं लक्षण आहे, काळजीचं कारण नाही. अकराव्या ठिकाणी लिहिलं होतं की काळजी आईचीच जास्त करावी. केर्तूने फोन ठेवून दिला. अकरा अनोळखी माणसांना आपण ओळखू येतो म्हणजे कमाल आहे.

"आई," मिर्तेल म्हणाली, "माझ्या खोलीत आजीचा पलंग रिकामाच आहे ना?"

"हो. का?"

"मग ती तिथं झोपेल."

ऊन होतं, खिडकी उघडी होती, गवताच्या पांढऱ्या गुंडाळ्या शेताशेतांतून मागे पळत होत्या, एका खांबावर करकोचा एका पायावर उभा होता. इतका सुंदर देश आणि इतका सुंदर दिवस. केर्तूच्या दंडावर काटा आला तो काही केल्या बसेना.

"नाही," ती म्हणाली. "आपल्या घरी कुणी येणार नाही. समजलं?"

मिर्तेलने तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे. तिने हात लांब करून त्या सीटचा पट्टा ओढला आणि खटकन लावला.

४

वोरूकडे जायचं आणि आईच्या कबरीवर जायचं नाही, हे शक्यच नव्हतं. पाइनच्या झाडांतली दफनभूमी, प्रत्येक कुटुंबाचा वाळूचा चौक, आणि प्रत्येक चौकावर दाताळ्याने ओढलेल्या सरळ रेघा. आपल्या माणसाची वाळू कुणी विस्कटलेली ठेवत नाही. फुलांना पाणी घालायचं, सुकलेली पानं वेचायची आणि मग दगडापासून वाटेपर्यंत मागे मागे सरकत वाळू विंचरायची, म्हणजे शेवटी आपल्या पावलांचासुद्धा ठसा उरत नाही.

हे काम केर्तूला फार आवडायचं. हेल्मी ते इतकं सुरेख करायची की शेजारच्या चौकातल्या बायका बघायला थांबायच्या.

मिर्तेल वाटेवर उभी होती, सँडल घालून, बंद लावून. "अनवाणी नाही म्हणजे नाही, इथं गोचिडी आहेत," असं केर्तूने तिला दोनदा बजावलं होतं. तार्वो नळावर झारी भरायला गेला होता.

वाळू विंचरून झाली. केर्तूने वाटेवर येऊन दाताळं टेकलं आणि कंबर सरळ केली. वीसेक रेघा, एकसारख्या, कंगव्याने भांग काढल्यासारख्या. आई बरं म्हणाली असती.

आणि दगडाजवळ, रेघांच्या अगदी मधोमध, एक पाऊल होतं.

अनवाणी. तिच्या तळहाताएवढं. पाचही बोटं स्पष्ट, अंगठा जरासा आत वळलेला. एकच. यायची खूण नाही, जायची नाही.

केर्तूने मिर्तेलच्या पायांकडे पाहिलं. बंद तसेच, त्या जादा भोकात. मग तिने स्वतःला सांगितलं की शेजारचं एखादं मूल येऊन गेलं असेल. मग स्वतःलाच विचारलं, कधी? आत्ता दाताळं फिरत असताना? दगडाजवळची वाळू तिने सगळ्यात आधी विंचरली होती, आणि मागे सरकताना तोंड दगडाकडेच होतं. तोंड दगडाकडेच, डोळे दाताळ्याच्या दातांवर. त्या दोन मिनिटांत किती तरी काही होऊ शकतं.

ती वाळूत शिरली, पाऊल पुसलं आणि पुन्हा मागे मागे आली. या वेळी डोळे दगडावरून हलवले नाहीत.

तिथंच तिला जे सबंध दिवस आठवायचं नव्हतं ते आठवलं.

"मला नेताना वाटेत थांबा आणि पाइनला माझा क्रूस कापा," हेल्मी आजारपणात म्हणाली होती. "नाहीतर येऊन बसेन तुमच्या बोकांडी!" मग स्वतःच हसली होती. मार्चमध्ये गारांचा पाऊस होता, पुढे चाललेली शवगाडी घाईत होती, पाळकांना पुढचं आमंत्रण होतं, आणि मिर्तेल गाडीत तापाने फणफणली होती. चाकू केर्तूच्या कोटाच्या खिशात होता. जंगलाच्या कडेचं ते वळण आलं आणि ती मनाशी म्हणाली, "उन्हाळ्यात येऊन कापू."  तार्वोला तर माहीतच नव्हतं की काही राहून गेलंय.

दफनभूमीचं लोखंडी फाटक मिर्तेल धरून उभी राहिली.

"एक. दोन." तिने मान खाली केली. "तीन." आणि मग मान वर केली, अशी वर, की मोठ्या माणसाचा चेहरा बघायचाय, आणि तिचा चेहरा उजळला. मार्चपासून केर्तूने तो तसा उजळलेला पाहिला नव्हता.

"चार," मिर्तेल म्हणाली.

५

वळणावर केर्तू म्हणाली, "थांबव."

"काय झालं? मिर्तेलला शू लागली का?"

"क्रूस कापायचाय. आईचा."

  तार्वोने गाडी कडेला घेतली, कप्प्यातला अळंबी कापायचा चाकू काढून तिच्या हातात ठेवला आणि हळूच विचारलं, "मी येऊ?"

"पोरीजवळ थांब."

जंगलाच्या कडेला पाइनची झाडं उभी होती, त्यांतल्या कितीएकांवर जुने क्रूस होते. संध्याकाळच्या उन्हात खोडं तांबूस झाली होती. केर्तूने एक कोरं झाड निवडलं. चाकू छोटा, साल जाड. आधी साल निघाली, मग आतलं ओलं पिवळं लाकूड, आणि डिंकाचा वास असा दरवळला की आईच्या कपाटाचाच जणू.

हे आपण काय करतोय ते तिला कळत होतं. आपल्याच आईला वाटेत अडवून सांगतोय की तू गेलीस. आठ मिनिटं लागली. उभी रेघ, आडवी रेघ, खाली "ह".

"आई, इथपर्यंतच," ती म्हणाली. "पोरगी घाबरेल गं." मिर्तेल अजिबात घाबरली नव्हती, हे तिला ठाऊक होतं.

मग ती गुडघे टेकून बसली. कुणी पाहत नाही ना, म्हणून एकदा मागे बघून घेतलं, आणि खाली, मिर्तेलच्या छातीच्या उंचीवर, आणखी एक क्रूस कापला. छोटा. गुडघ्यांना पाइनच्या काटक्या टोचत होत्या. हात थरथरल्यामुळे तो वाकडा आला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की संग्रहालयातला तोही का वाकडा होता.

गाडीजवळ मिर्तेल मागचं दार उघडून धरून उभी होती.

"एक," तार्वो. "दोन," केर्तू. मिर्तेलने जंगलाकडे पाहिलं, उंच, आणि हात हलवला. "आजी थांबली," ती म्हणाली. ती रडली नाही. केर्तूच रडली, पण खाली वाकून, सँडल नीट करायच्या निमित्ताने.

"चल सोनू, बस. लाव दार."

मिर्तेलने लावलं नाही. "तीन," ती म्हणाली.

केर्तूने वर पाहिलं. "मी तिचाही कापला. खाली. पाहिलास ना?"

"पण हे तिचं झाड नाही, आई. तिचं झाड त्या मावशीच्या घरात आहे."

"परत जाऊ या," केर्तू तार्वोला म्हणाली. "संग्रहालयात."

"पाचला बंद झालं ते. सात वाजायला आले. तिथं कोण आहे आता?" त्याचा आवाज मऊ होता. "काय विसरलीस तिथं? उद्या फोन करू."

बंद दार. अंधारी पडवी. दाराबाहेर पायरीवर कुणालातरी उतरवून द्यायचं आणि गाडी वळवायची. चालायला लागलेलं, पण बोलता न येणारं. केर्तूने डोळ्यांपुढे ते आणून पाहिलं आणि तिला ते जमेना.

"चल घरी," ती म्हणाली.

६

साडेआठला तार्तूत पोचले तेव्हाही ऊन होतं, तिरपं, सोनेरी. त्यांच्या जुन्या लाकडी घराचं रस्त्याकडचं दार पश्चिमेला. उघडलं की ऊन थेट जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत जातं. दाराला जुनी स्प्रिंगची कमान, दार आपोआप ओढून लावणारी, आणि ती फार जोराची. पाहुण्यांच्या टाचा तिने सोलल्या आहेत.

मिर्तेल झोपली होती. तार्वोने तिला खांद्यावर टाकलं, तिचं तोंड त्याच्या मानेत. जिना चढता चढता तो कुजबुजला, "तू बॅगा घे. आणि चिमटे विसरू नको, दोन्ही." हसवायलाच म्हणाला.

केर्तू एका हातात बॅगा आणि दुसऱ्या हाताने दार धरून उंबऱ्यावर उभी राहिली. आता दार धरायला मिर्तेल नव्हती. फक्त सोडायचं होतं. कमान बाकीचं करणार होती.

दिवसभर तिने एकच हिशोब मांडला होता: हे घरात येता कामा नये. मिर्तेलच्या समोरच्या पलंगावर तर मुळीच नाही. त्यासाठी ती गुडघ्यांवर बसली, झाडावर क्रूस कापले, आईला वाटेत सोडून आली. आता एवढंच राहिलं होतं. बोटं सैल करायची.

रस्ता रिकामा होता. लिंडनच्या झाडांच्या फुलांचा वास येत होता, कुणाच्या तरी अंगणात नळ चालू होता. हवेत गारवा सुरू झाला होता. एवढ्यात दव पडेल, आणि पायऱ्या दगडी आहेत. ओल्या दगडावर अनवाणी पाय किती गार पडतात. केर्तूला एकदम ती बाई दिसली, चेहरा नसलेली, फक्त पाठ, गुडघे टेकून पाइनवर वाकलेली. मुद्दाम खाली कापत होती, दिसावं म्हणून. ती अडवत नव्हती. पोर चुकू नये म्हणून खूण करत होती. आणि ते झाड कुणीतरी ट्रॅक्टरने उचलून नेलं होतं.

चांगल्या आया कशा असतात हे केर्तूला आजही नक्की सांगता आलं नसतं. पण काय करत नाहीत, हे तिला नेमकं कळलं.

कमान दार ओढत होती. तिने दंड ताठ केला.

"केर्तू!" वरून तार्वो. "दार लाव गं, डास येतायत!"

"लावते!"

तिने लावलं नाही. कोपर जरासं बाजूला केलं, खालून वाट राहील एवढं. समोरच्या फरशीवर तिची लांब सावली पडली होती: बॅगा, खांदा, पसरलेला हात, आणि हाताखाली उन्हाची चौकट. ती त्या चौकटीकडेच बघत राहिली. मागे वळून पाहायची तिची छाती नव्हती.

चौकटीत खालच्या कडेने एक गोल सावली आली. डोकं. केस आजारपणात कापतात तसे बारीक कापलेले. ते जरा थांबलं, परक्या घराच्या उंबऱ्यावर मूल थांबतं तसं, आणि मग तिच्या मांडीजवळून गारवा सरकत आत गेला, जिन्याच्या दिशेने, एकेका पायरीवर दोन्ही पावलं टेकवत.

केर्तूने पायरी न पायरी ऐकली. वर, मिर्तेलच्या खोलीत, आजीच्या पलंगाची स्प्रिंग अगदी हलकी करकरली.

"तीन," ती म्हणाली आणि दार सोडलं.